संकटात शुभ पाहण्याचा निर्धार : ख्रिस्ती श्रद्धा नेमके काय सांगते?

तिरोडा : कापणी आटोपून धानाच्या कडपा बांधीत पडलेल्या असाव्यात आणि नेमका त्याच वेळी अवकाळी पाऊस यावा, हा अनुभव वैनगंगेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला नवा नाही. परे टाकण्यापासून रोवणीपर्यंत आणि रोवणीपासून कापणीपर्यंत केलेली चार महिन्यांची मेहनत दोन रात्रींत पाण्यात जाते. पुंजणे रचले जाण्याआधीच लोंबीला कोंब फुटतात. अशा वेळी एखाद्याने जवळ येऊन ‘यातही काही चांगले पाहा’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला राग आल्यावाचून राहणार नाही. दुःख ताजे असताना दिलेला हा सल्ला सांत्वन करीत नाही, उलट डिवचतो.

तरीही माणसे संकटातून उभी राहतात. काहींच्या बाबतीत त्या उभे राहण्यामागे केवळ स्वभावाचा कणखरपणा नसतो, तर जाणीवपूर्वक केलेली एक निवड असते. समोर अंधार असताना त्यातही जे शुभ शिल्लक आहे त्याकडे डोळे वळवण्याची ही निवड होय. जगातील प्रत्येक धर्माने या निवडीचा विचार केला आहे. ख्रिस्ती धर्मात तर तिला उपासनेच्या केंद्रस्थानी जागा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती समाजाचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे. संख्येने लहान असलेल्या या समाजाच्या श्रद्धेचा हा पैलू बाहेरच्यांना फारसा परिचित नाही. मराठी मुलखाचा इतिहास पाहिला असता मात्र या निवडीची अतिशय ठळक उदाहरणे येथेच सापडतात. त्यांपैकी एका उदाहरणाची वाट तर तिरोड्यावरूनच गेली आहे.

तिरोड्यावरून गेलेला प्रवास

नागपूरहून निघालेला लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, डोंगरगड अशी स्थानके ओलांडीत राजनांदगावला पोहोचतो. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीच्या ताब्यात हा मार्ग होता. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक हे तिशी ओलांडलेले मराठी कवी नोकरीच्या शोधात याच मार्गाने राजनांदगावकडे निघाले होते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेले टिळक संस्कृतचे जाणकार होते. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथसंपादनाचे कामही केले होते. मात्र स्थिर उत्पन्न नाही, पहिली अपत्ये बालपणीच दगावलेली आणि मनात धर्म व समाज यांविषयी अनेक प्रश्न, अशी त्यांची त्या काळची अवस्था होती.

गाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय प्रवासी भेटला. अर्नेस्ट वॉर्ड नावाचा हा मिशनरी सौजन्याने वागला. दोघांचे संस्कृत काव्यावर बोलणे झाले आणि निरोप घेताना त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. तरी पुस्तक वाचून पाहण्याचे त्यांनी ठरवले. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते पुस्तक त्यांच्या हातून सुटेना. शोक करणाऱ्यांना, दीनांना आणि छळ सोसणाऱ्यांना त्या प्रवचनात धन्य म्हटले आहे. जग ज्यांना दुर्दैवी समजते त्यांनाच धन्य म्हणणारी ही उलटी दृष्टी टिळकांच्या मनाला भिडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने टिळकांना समाधान मिळाले, पण त्यांच्या पत्नीवर मात्र आकाश कोसळले. ती कथा पुढे येईलच. तत्पूर्वी ज्या काळात हे घडले, तो काळ पाहणे आवश्यक आहे.

दुष्काळाचा प्रांत

तिरोडा त्या वेळी मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्याची एक तहसील होती. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ हा दिवस उजाडावा लागला. तलावांचा आणि धानाचा म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन दुष्काळांनी होरपळला. १८९६ साली पावसाने लवकर पाठ फिरवली आणि ऐन दाणा भरण्याच्या वेळी धान वाळले. त्यातून लोक सावरत नाहीत तोच १८९९ चा पावसाळा हुकला आणि १९०० साली पहिल्याहून तीव्र दुष्काळ पडला. १९०१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६ लाख ६३ हजार भरली. दहा वर्षांत ती सुमारे ११ टक्क्यांनी घटली होती. जी लोकसंख्या वाढायला हवी होती ती कमी झाली, या एका आकड्यात त्या दशकाचे सारे दुःख सामावलेले आहे.

त्यातच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पाहता पाहता पुणे, अहमदनगर, सातारा अशा शहरांत पसरला. उपासमार, साथ आणि अनाथ झालेली मुले हे त्या काळाचे नित्याचे चित्र होते. संकटात शुभ पाहण्याची भाषा ज्यांनी या काळात केली, त्यांनी ती सुखासीन घरात बसून केलेली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दुःख नाकारणे नव्हे

ख्रिस्ती श्रद्धेतील या विचाराविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की तो दुःखाकडे डोळेझाक करायला शिकवतो. प्रत्यक्षात बायबलची रचनाच या समजाला छेद देणारी आहे. उपासनेत गायिल्या जाणाऱ्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे असून त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती काळ वाट पाहायची, असे प्रश्न त्यांत थेट विचारले आहेत. त्यांतील बहुतेक विलाप शेवटी भरवशाकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. ज्यांनी हे ग्रंथ एकत्र केले त्यांनी त्या स्तोत्राला आशेचा कृत्रिम शेवट जोडला नाही, ही लक्षणीय बाब आहे. ‘विलापगीत’ नावाचे तर एक स्वतंत्र पुस्तकच आहे. यरुशलेम नगरीच्या विध्वंसावरील पाच कवितांच्या या पुस्तकात आशेचा सूर उमटतो तो मधल्या, म्हणजे तिसऱ्या कवितेत. त्यानंतर पुन्हा शोक सुरू होतो. आशा आली म्हणजे रडणे संपले, असा हिशेब तेथे नाही.

ईयोबाची कथा याहून बोलकी आहे. संपत्ती, मुलेबाळे आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाला भेटायला त्याचे मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहतात. तोपर्यंत त्यांचे वागणे योग्यच असते. ते बोलू लागतात, त्याच्या दुःखाचे कारण समजावू लागतात, त्याच्या हातून काही पाप घडले असेल असे सुचवू लागतात आणि तेथेच चुकतात. कथेच्या शेवटी देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर स्पष्टीकरणे देणाऱ्या मित्रांवर. दुःखी माणसाजवळ काय बोलावे यापेक्षा कसे बसावे, याचा हा धडा आहे.

मग शुभ पाहणे म्हणजे काय? उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार या दोन दिवसांच्या नात्यात त्याचे उत्तर दडलेले आहे. क्रूसावरील मृत्यू हा अन्याय होता, हे ख्रिस्ती श्रद्धा कधी नाकारीत नाही. त्या मृत्यूला ती चांगले म्हणत नाही. अन्यायालाही पुरून उरणारे चांगले देव घडवू शकतो, असे ती म्हणते. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू थोमा या शिष्याला आपल्या हातांवरील आणि कुशीतील जखमा दाखवतो. नवे जीवन आले, तरी जखमांच्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत. वाईटाला वाईट म्हणणे आणि तरीही वाईटाचा शब्द हा शेवटचा शब्द मानायला नकार देणे, असे या श्रद्धेचे दुहेरी स्वरूप आहे.

प्रेषित पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला पाठवलेले पत्र तुरुंगातून लिहिले होते. आनंदाचा उल्लेख त्या छोट्याशा पत्रात पुन्हा पुन्हा येतो. जे सत्य आहे, शुद्ध आहे, प्रशंसेला पात्र आहे त्याचे मनन करा, असा त्याचा सल्ला आहे. हा सल्ला बेड्या घातलेल्या माणसाकडून आला, यामुळे त्याचे मोल वाढते. येथे शुभ पाहणे ही मनाची आपोआप येणारी लहर नाही. ती मनाला लावलेली शिस्त आहे.

पंडिता रमाबाई : भुकेच्या आठवणीतून

या शिस्तीचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत देशभर फिरत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आधी वडील, मग आई आणि त्यानंतर बहीण यांचा मृत्यू झाला. सोळा-सतरा वर्षांच्या रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत राहिले. १८७८ मध्ये ते कोलकात्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मात्र १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये कॉलऱ्याने पतीही गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन तेविसाव्या वर्षी रमाबाई पुन्हा एकट्या पडल्या.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. १८९३ मध्ये सदनातील मुलींवर धर्मांतराचा प्रभाव पडत असल्याच्या आरोपावरून मोठे वादळ उठले. न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद आजही अभ्यासकांत चर्चिला जातो आणि त्यात दोन्ही बाजू आहेत. मात्र त्यानंतर तीनच वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंनी जे केले त्याविषयी फारसे दुमत नाही.

वीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार रमाबाई विसरल्या नव्हत्या. मध्य प्रांतातील भुकेल्या मुलींच्या वार्ता कानी येताच त्या स्वतः तिकडे गेल्या. मदत छावण्या आणि अनाथगृहे पाहिली. तेथील निराधार मुली कोणत्या संकटांना बळी पडत आहेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना आपल्या आश्रयाला आणले. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, इतक्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा सदनाच्या उत्पन्नासाठी दौंड तालुक्यातील केडगाव येथे घेतलेली शेतजमीन कामी आली. उघड्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यातून ‘मुक्ती सदन’ आकाराला आले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या. आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

रमाबाईंच्या कार्यपद्धतीत ‘शुभ पाहणे’ म्हणजे काय, याचा प्रत्यक्ष अर्थ कळतो. आलेल्या मुलींना त्यांनी केवळ दयेचा विषय मानले नाही. जिच्या अंगात जे कौशल्य असेल ते हेरून तिला काम दिले. शेती, विणकाम, तेलघाणी, दूधदुभते, छपाई अशी अनेक कामे या स्त्रिया करू लागल्या. दृष्टिहीन मुलींना मनोरमेच्या पुढाकाराने ब्रेल लिपी शिकवण्यात आली. जगाने जिला ओझे ठरवले तिच्यात हात, बुद्धी आणि भविष्य पाहणे, ही त्यांची दृष्टी होती. ती दृष्टी श्रद्धेतून आली असली तरी ती हिशेबाच्या वह्यांतून, विहिरी खोदण्यातून आणि रोजच्या स्वयंपाकातून व्यक्त झाली.

शेवटच्या काळातही दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. उत्तराधिकारी म्हणून जिच्याकडे सारे पाहत होते ती मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधीच गेली. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्याच्या कामात होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. केडगावचे मुक्ती मिशन आजही सुरू आहे.

लक्ष्मीबाई टिळक : हसण्याचे बळ

रमाबाईंचा मार्ग कार्याचा, तर लक्ष्मीबाई टिळकांचा मार्ग हसण्याचा. १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचे लग्न अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी झाले. तापट, लहरी, उदार आणि घरातली वस्तू कोणालाही देऊन टाकणाऱ्या कवीचा संसार म्हणजे मुळातच तारेवरची कसरत होती. त्यात १८९५ मध्ये पतीने धर्म बदलल्याची बातमी आली. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या तरुण स्त्रीसमोर लहान मुलगा आणि नातेवाइकांचा आधार याखेरीज काही उरले नाही. सुमारे चार-पाच वर्षे पतिपत्नी वेगळे राहिले.

पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपला आचार त्या कसोशीने पाळत होत्या. मात्र माणसामाणसांतील हा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला. त्याचे उत्तर सापडल्यावर शिवाशिवीची भिंत त्यांच्यापुरती कोसळली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. प्लेगच्या काळात रुग्णांची शुश्रूषा करण्यापासून अनाथ मुलांना घरात सांभाळण्यापर्यंत त्यांनी जे केले, ते सारे या बदललेल्या दृष्टीचे फलित होते. बालकवी ठोंबरे यांच्यासारख्या तरुण कवीलाही त्यांच्या घरात मायेची जागा मिळाली.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ ही आपली स्वतंत्र कल्पना मांडली होती. साहजिकच मागे संपत्ती नव्हती, होते ते अपुरे काव्य. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे आरंभीचे थोडे अध्याय टिळकांनी लिहिले होते. फारसे औपचारिक शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. आयुष्याच्या उतरणीवर त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली आणि मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्यांची गणना होते.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना वाचकाला आश्चर्य वाटते ते एका गोष्टीचे. ज्या प्रसंगांवर रडावे ते प्रसंग वाचताना हसू येते. सासऱ्यांचा जाच, दारिद्र्य, पतीचा विक्षिप्तपणा, स्वतःची फजिती, काहीही लपवलेले नाही. तरी कोणाविषयी कडवटपणा नाही. ही विनोदबुद्धी म्हणजे दुःखाला दिलेली बगल नव्हे. क्षमा करून झाल्यावर माणूस ज्या मोकळेपणाने मागे वळून पाहतो, तो मोकळेपणा त्या लेखनात आहे. श्रद्धेने त्यांना दिलेली सर्वांत मोठी देणगी कदाचित हीच असावी.

निवड घडते कशी?

श्रद्धावंत माणूस ही दृष्टी कशी कमावतो, याचे काही ठोस मार्ग ख्रिस्ती परंपरेत आहेत.

पहिला मार्ग विलापाचा. दुःख देवासमोर शब्दांत मांडणे हा अविश्वास मानला जात नाही. ज्याच्याशी नाते आहे त्याच्याशीच माणूस भांडतो, ही त्यामागील समजूत आहे.

दुसरा मार्ग उपकारस्तुतीचा. मंडळीत साजऱ्या होणाऱ्या प्रभुभोजनाला ग्रीक भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थच ‘आभार मानणे’ असा होतो. येशूने भाकर घेऊन आभार मानले ती रात्र शिष्याने केलेल्या विश्वासघाताची होती आणि दुसऱ्या दिवशी क्रूस समोर होता. सारे सुरळीत झाल्यावर आभार मानू, असा विचार तेथे नाही. हातात जी भाकर आहे तिच्याबद्दल आज आभार, असा हा क्रम आहे.

तिसरा मार्ग स्मरणाचा. पूर्वी कोणत्या संकटातून सुटका झाली याची उजळणी केली जाते. चौथा मार्ग सोबतीचा. एकट्याला प्रार्थना जमत नसेल तेव्हा मंडळी त्याच्या वतीने प्रार्थना करते. मृत्यू झालेल्या घरी जेवण पोहोचवणे, आजाऱ्याजवळ बसणे ही कामे उपासनेइतकीच महत्त्वाची मानली जातात. पाचवा मार्ग सेवेचा, ज्यावर रमाबाई चालल्या. अचलपूरजवळ कोठारा येथे ख्रिस्ती सेवाभावातून उभे राहिलेले कुष्ठरोग रुग्णालय हे त्याचे विदर्भातील उदाहरण आहे.

या मार्गांपैकी कृतज्ञतेच्या मार्गाची मानसशास्त्रानेही दखल घेतली आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या संशोधकांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांना आभार मानण्याजोग्या गोष्टी नियमित लिहायला सांगितल्या, तर काहींना त्रासाच्या गोष्टी. कृतज्ञतेची नोंद ठेवणाऱ्यांनी आपले मन अधिक समाधानी असल्याचे सांगितले. असे परिणाम मर्यादित असतात आणि त्यांवरून कोणत्याही धर्माचा खरेखोटेपणा सिद्ध होत नाही. मात्र लक्ष कोठे द्यायचे, याचा मनावर परिणाम होतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

मराठी मातीत ही दृष्टी परकी नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. १६२९-३० च्या दुष्काळात तुकोबांच्या घरी अन्नावाचून मृत्यू झाला. व्यापार बुडाला. त्या ठिकऱ्यांतून तुकोबा विठ्ठलभक्तीकडे वळले. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, अशी भावना टिळकांनी व्यक्त केली होती. त्यांनी अभंग आणि ओवी हे मराठी छंद ख्रिस्ती उपासनेत रुजवले, त्यामागे हीच जवळीक होती.

सावधगिरी कोठे हवी?

या विचाराचा दुरुपयोगही होतो, हे मान्य करावे लागेल. तुमची श्रद्धा कमी पडली म्हणून संकट आले, असे दुःखिताला सांगणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांची चूक पुन्हा करणे होय. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला यातले चांगले पाहा म्हणणे हे तर पाप झाकणे ठरेल. शुभ पाहण्याची निवड प्रत्येकाने स्वतःसाठी करायची असते. ती दुसऱ्यावर लादता येत नाही.

त्याचप्रमाणे प्रार्थना हा औषधोपचाराला पर्याय नाही. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, जगण्यात अर्थ न वाटणे अशी लक्षणे टिकून राहिली तर डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. त्यात श्रद्धेचा कमीपणा नाही. पीकविमा, नुकसानभरपाई, कर्जाची फेररचना यांसाठी दाद मागणे हेही श्रद्धेच्या आड येत नाही. रमाबाईंनी प्रार्थना केली आणि मदत छावण्यांतील दुरवस्थेविरुद्ध आवाजही उठवला. प्लेगच्या काळात पुण्यात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी १८९७ मध्ये जाहीर टीका केली होती. शुभावर विश्वास ठेवणारा माणूस अन्यायाबाबत गप्प बसत नाही, कारण अन्याय हाच अखेरचा नियम आहे असे तो मानीतच नाही.

आजच्या तिरोड्यासाठी

नारायण वामन टिळक ज्या मार्गाने गेले तो मार्ग आज गजबजलेला आहे. २०१२ ते २०१४ या काळात तिरोड्यात ३,३०० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला. वीज आली, रस्ते आले. तरी अवकाळी पाऊस, तुडतुड्यांचा प्रादुर्भाव, घरातले आजारपण आणि कर्त्या माणसाचे अकाली जाणे यांतून सुटका झालेली नाही. २०२० आणि २०२१ या वर्षांत करोनाने तर गावोगावच्या घरांना शोकाचा अनुभव दिला. जवळच्या माणसाला शेवटचे पाहताही आले नाही, अशी कितीतरी कुटुंबे आहेत.

त्यांना कोणीही घाईने आशेचे धडे देऊ नयेत. सात दिवस शेजारी मुकाट बसण्याची तयारी असेल, तरच आठव्या दिवशी बोलण्याचा अधिकार मिळतो. पण बोलायची वेळ येईल तेव्हा सांगण्यासारखे काही निश्चित आहे. उपासमारीत आईवडील गमावलेल्या एका मुलीने वीस वर्षांनी शेकडो भुकेल्या मुलींना जेवू घातले. पतीच्या निर्णयाने उद्ध्वस्त झालेल्या एका स्त्रीने तीच कहाणी साऱ्या महाराष्ट्राला हसवत सांगितली. त्यांचे दुःख कमी नव्हते. दुःखाला त्यांनी चांगले म्हटले नाही. त्या दुःखातही आपल्याला करता येण्यासारखे चांगले काय उरले आहे, एवढेच त्यांनी पाहिले आणि ते करायला घेतले.

पावसाने भिजलेल्या कडपा उलटून वाळत घालणारा शेतकरी नेमके हेच करीत असतो. सारे धान वाचणार नाही, हे त्याला ठाऊक असते. जे वाचण्याजोगे आहे ते वाचवायला तो सकाळीच बांधीत उतरतो.